फक्त आईचाच पदर

“पदर झाड. आता केस सोड.”

हुपरीतल्या एका चांदीच्या कारखान्यात माझ्या आईला रोज संध्याकाळी हे ऐकावं लागायचं. कारखाना म्हणजे मालकाच्या घराचा माळा. तिथं पाच बाया पैंजणांना घुंगरं जोडायच्या, मग कानशीनं घासून जोड साफ करायच्या. सुट्टी झाली की चौघी चपला घालून जिना उतरायच्या. पाचवी माझी आई. ती जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर उभी राहायची, पदर झटकायची, अंबाडा सोडायची आणि वाकून केस झाडायची. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून कागदाकडं बघत राहायच्या. सगळे त्यांना वैनी म्हणत. बाकीच्या चौघी शेतकऱ्यांच्या घरातल्या. आम्ही बौद्ध. कारण एवढंच. ते कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती.

मी तेव्हा नऊ वर्षांची. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शाळा सुटली की मी माळ्यावर जाऊन कोपऱ्यात बसायची. आईचा जोड सगळ्यांत साफ असायचा, म्हणून तर तिला कामावर ठेवलं होतं. उन्हातून आली की ती लगेच कामाला हात घालायची नाही. डोळे अर्धे मिटून गप्प बसायची. बाकीच्या हसायच्या, “आली म्हाराणी ध्यानाला.” मी एकदा विचारलं तर म्हणाली, “डोळ्याला दम दे, मग दिसतंय.”

एके दिवशी कागदावर काहीतरी चमकलं. तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक. वैनींनी बोट थुंकीनं ओलं केलं, तो कण उचलला, उजेडाला धरला.

“बघितलासा?” त्या चौघींना म्हणाल्या. “मी म्हनत हुतो न्हवं?”

आई म्हणाली, “वैनी, कानस मारताना समद्यांच्याच केसात उडतंय.”

“समद्यांचं सांगू नगंस. पडलं तुझ्यातनं.”

चौघींपैकी एकीनं डोक्यावरचा पदर जरा पुढं ओढला. मी ते पाहिलं. त्याचा अर्थ मला पंधरा वर्षांनी कळला.

दुसऱ्या दिवसापासून आईचं काम सुटलं. हुपरीत बातमी पायानं चालत नाही, उडते. दुसऱ्या कुठल्या माळ्यावर तिला कुणी घेतलं नाही. ती भांगलणीला जायला लागली. ज्या बोटांनी केसाएवढा जोड लावला, ती बोटं उसात गवत उपटायला लागली.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातंय. आई रानात गेल्यावर मी तिची पत्र्याची पेटी उघडली. साड्या उलगडल्या. घड्यांमध्ये हात घातला. मी चांदी शोधत होते. आईवर माझा संशय होता. वैनींनी कण उचलून दाखवला होता, आणि मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पेटीत काही सापडलं नाही. तरी संशय गेला नाही. मला वाटलं, दुसरीकडं ठेवलं असेल.

त्यानंतर संशयाची मला सवयच लागली. शाळेत बाईंनी पाठीवर हात ठेवला तर वाटायचं, हात ठेवून बघतायत. मैत्रिणीनं घरी बोलावलं तर वाटायचं, निघताना आपलं दप्तर बघणार. मी दप्तराची चेन उघडीच ठेवायची. बघायचं तर बघा, म्हणून. लोक म्हणायचे, पोरगी वेंधळी आहे.

शिकत गेले. कोल्हापुरात एका कॉलेजात एम.एस्सी. केलं आणि तिथल्याच संशोधन केंद्रात पीएच.डी.ला लागले. २००४ साली मी तिथं होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणाल, ते कॉलेजच तसलं. माझी फेलोशिप राखीव जागेवरची होती. हे लपवत नाही. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

माझा विषय होता पेशीच्या आतली ने-आण. पेशीत कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला पातळ पडदा. त्या पडद्यांत प्रथिनं रुतून बसलेली असतात. काही आतल्या कप्प्यांत, काही पेशीच्या बाहेरच्या पडद्यात. यातली बहुतेक बनतात एकाच ठिकाणी. मग कुणी कुठं जायचं? पत्ता प्रथिनाच्या अंगातच असतो, पुष्कळदा शेपटीला. तो वाचणारी वेगळी प्रथिनं असतात. गॉल्गी नावाचा एक कप्पा आहे, पोस्टातल्या टपाल निवडायच्या खोलीसारखा. तिथून एक प्रथिन बाहेर जातं, दुसरं आत वळतं, तिसरं तिथंच राहतं. आणि या निवडीच्या आधी एक तपासणी होते. नव्या प्रथिनाला आकार नीट आलाय का, हे बघितलं जातं. आकार बिघडला असेल तर पुढं सोडत नाहीत. ही तपासणी पेशी सगळ्यांची करते. एकट्यादुकट्याची नाही. मी हे परीक्षेसाठी चार वेळा पाठ केलं, पण मनात काही हललं नाही.

आमचे मार्गदर्शक, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो, फार छान शिकवायचे. हेही लपवत नाही. एकदा वर्गात म्हणाले, “पेशी एवढी सुरळीत का चालते? इथं प्रत्येकजण आपापल्या जागेवर असतो. आपल्या समाजालाही हे पूर्वी कळत होतं. आता कुणालाही कुठंही नेऊन बसवतात.” वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

सरांचा लाडका विद्यार्थी मंदार. हुशार, बोलका, परदेशी जायच्या तयारीत. एका प्रथिनाला त्यानं हिरवा चमकणारा तुकडा जोडला होता, म्हणजे ते पेशीत कुठं आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसावं. त्यानं शेकडो पेशी मोजल्या आणि सांगितलं, हे प्रथिन बाहेरच्या पडद्यात जातं. लोक त्याला गॉल्गीतलं समजत होते. म्हणजे नवा शोध. सरांनी पेपर लिहून एका विज्ञानपत्रिकेला पाठवला. बाहेरच्या तपासनिसांनी कळवलं, दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे मोजून दाखवा. तो दुसरा कुणीतरी म्हणजे मी.

स्लाइड मी नव्यानं बनवल्या, काहींत हेच प्रथिन, काहींत तुलनेसाठी दुसरं. मोजायला अंधाऱ्या खोलीत गेले. बाहेर कोल्हापूरचं ऊन, आत मिट्ट काळोख. मी गेल्या गेल्या मोजायला बसले नाही. डोळे अर्धे मिटून वीस मिनिटं गप्प बसले. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. मग भिंगाला डोळा लावला.

दिसलं ते वेगळंच. मंदारनं फोटोत दाखवलेल्यासारख्या झगझगीत पेशी होत्याच, त्यांच्यात कडेला हिरवी रेघही होती. पण त्यांच्या भोवती कितीतरी मंद पेशी होत्या. उन्हातून थेट येऊन बसलेल्याला त्या दिसल्याच नसत्या. आणि मंद पेशींत प्रथिन मधोमध, गॉल्गीत, मुकाट बसलेलं होतं. कडेला काही नाही. मला हळूहळू उमगलं. झगझगीत पेशींत प्रथिन गरजेपेक्षा फार जास्त बनलंय. पत्ता वाचणाऱ्यांना ते पेललं नाही, म्हणून बाहेर सांडलं. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी जातं म्हणून कुणी म्हणत नाही की नदीचा रस्ता बंधाऱ्याच्या माथ्यावरून आहे. मंदारनं लबाडी केली नव्हती. त्याला जे झळकलं तेवढंच त्यानं मोजलं. त्याला पहिल्यापासून झळकणारंच बघायची सवय होती.

शनिवारच्या बैठकीत मी तक्ता मांडला. दहाबारा जण होते. सरांनी कागद हातात घेतला, बघितला, टेबलावर ठेवला.

“तुला मोजता येतं ना?”

कुणीतरी खुदकन हसलं.

“मंद पेशी म्हणे. ज्या मंदारला दिसल्या नाहीत त्या हिला दिसल्या.” मग लॅबचे मदतनीस शंकरमामा चहा घेऊन आले होते, त्यांच्याकडं वळून म्हणाले, “मामा, हिच्या स्लाइडवरच्या नावांवर चिकटपट्टी लावा. वर तुमचे नंबर टाका. कोणती कुठली हे तिला कळता कामा नये. यादी तुमच्याकडं ठेवा. आणि मोजताना शेजारी बसा.”

ही पद्धत वाईट नाही. उलट उत्तम आहे. मोजणाऱ्याला स्लाइड कुठली ते माहीत नसावं, म्हणजे मनाचा कल मोजणीत उतरत नाही. मी स्वतःच मान डोलावली. त्या क्षणी मला एवढंच सुचलं नाही, की पट्टी फक्त माझ्या स्लाइडला का?

मोजलं. आकडे तेच. सर म्हणाले, परत. शंकरमामांनी नंबर बदलले. मोजलं. आकडे तेच. मामा दाराशी स्टुलावर बसून जांभया द्यायचे. एकदा म्हणाले, “ताई, किती येळा मोजशीला? बाजारात तांदूळ बी एवढ्यांदा निवडत न्हाईत.” मला त्यांच्यावरही संशय आला. म्हटलं, हे गोड बोलून माझ्या तोंडून काहीतरी काढून घेणार आणि सरांना सांगणार. मी पेशी मोजत राहिले.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. ही हिरवी चमक टिकाऊ नसते. दिव्याखाली धरली की दर वेळी थोडी विझते. झगझगीत पेशींना फारसा फरक पडत नाही. मंद पेशी आधी जातात. तिसऱ्या मोजणीला मला डोळे ताणावे लागले. चौथ्या वेळी तिथं काही उरलं नसतं. माझा पुरावाच विझला असता आणि सर म्हणाले असते, बघा, काही नाही. नव्या पेशी, नवं सामान, सगळ्याला सरांची सही लागायची. आणि हे विझणं सरांना माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. आम्हाला ते त्यांनीच शिकवलं होतं.

पुढचा शनिवार. तिसऱ्यांदा तेच आकडे. सरांनी चष्मा काढला.

“तीनदा तेच? मग नंबरांची यादी तुझ्याकडं असणार.”

“नाही, सर.”

“मामांनी दिली असेल.”

शंकरमामा दारात होते. ट्रे हातात तसाच. “सर, यादी माझ्या खिशात हाय. माझं खातं ज्या बँकेत हाय तिथल्या सायबाला बी मी खिसा दावत न्हाई.” कुणी हसलं नाही.

सर माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, “पर्स उघड. टेबलावर रिकामी कर. संशय तरी मिटेल.”

मी पर्स टेबलावर ठेवली. हात चेनवर गेला. अर्धी चेन उघडलीही. आत काय होतं? कंगवा, एसटीचा पास, डब्याचं फडकं, दोन पेनं. लपवण्यासारखं काही नाही. उघडून टाकावी आणि मोकळं व्हावं, असं मनापासून वाटत होतं. तेवढ्यात समोर बसलेल्या मुलींपैकी एकीनं आपली पर्स मांडीवरून उचलून खुर्चीखाली सरकवली. तिचा काही हेतू नसेल. पण मला डोक्यावर पुढं ओढलेला तो पदर दिसला. पंधरा वर्षांपूर्वीचा. त्या बाईच्या केसातही चांदी होती. चौघींच्याही केसात होती. वैनींच्याही असेल. रोज एकीलाच झाडलं, म्हणून पडलं ते एकीतूनच पडलं. ज्यांना झाडलंच नाही, त्यांच्यातून पडणार कसं? मंदारनं झगझगीत पेशी मोजल्या, त्याला झगझगीतच दिसलं. वैनींनी माझी आई मोजली.

आणि मी त्या कणावर विश्वास ठेवला. पेटी उघडली.

मी चेन लावली.

“नाही, सर.”

“काय?”

“पर्स उघडते. पण सगळ्यांच्या उघडायच्या. आणि आधी मंदारच्या स्लाइडला पट्ट्या लावा. त्याच्या आणि माझ्या एकत्र करा. अंधारात वीस मिनिटं बसून दोघांनी मोजायच्या.”

मंदार ताडकन उठला. “म्हणजे माझ्यावर डाऊट आहे तुझा?”

एम.एस्सी.पासून मी त्या खोलीत पुस्तकातल्यासारखी बोलत होते. त्या दिवशी तोंडून आलं ते घरचं आलं. “हाय. जेवढा माझ्यावर हाय, तेवढाच तुझ्यावर. कणभर जास्त न्हाई.”

सर म्हणाले, “मंदारच्या कामाची तपासणी करायची गरज मला वाटत नाही.”

“का नाही?”

सर उठले, मंदारच्या स्लाइडचा खोका उचलला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. बैठक संपली.

मी हुपरीची एसटी पकडली. आई दारात बसून शेंगा फोडत होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

“आई, माळ्यावर सगळ्यांच्याच केसात चांदी असायची ना?”

तिनं वर बघितलं. “आसणारच की. कानस मारताना चांदी न्हाई उडायची, तर काय साखर उडंल व्हय?”

“मग तू भांडली का नाहीस?”

“बोललो की. ऐकलं कुनी?”

मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, “आई, तू रानात गेल्यावर मी तुझी पेटी बघितली होती.”

तिचे हात थांबले नाहीत. शेंग फुटली. दाणे सुपात पडले.

“म्हाईत हाय मला. जांभळ्या लुगड्याची घडी उलटी घातलीवतीस.”

पंधरा वर्षं. पंधरा वर्षं तिला माहीत होतं. माझ्या शाळेचा डबा भरताना माहीत होतं, फीसाठी कानातले मोडताना माहीत होतं, रोज माझी वेणी घालताना माहीत होतं.

“मग मला बोलली का नाहीस?”

“काय बोलू? वैनीचं सोड, ती परकी. पर त्या दिशी तू बी तिच्याच बाजूला उभी हुतीस, पोरी.”

मी रडले. तिनं मला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. ती शेंगा फोडत राहिली आणि मी तिच्यासमोर बसून राहिले. शेवटी तिनं सूप माझ्याकडं सरकवलं. मी फोडायला लागले.

पंधरा दिवसांत सरांनी पेपर पुढं पाठवायची तयारी केली. मोजणी मंदारची, फोटो मंदारचे. तपासनिसांना दुसरी व्यक्ती हवी होती, म्हणून तिसरं नाव माझं. माझे आकडे कुठंच नव्हते. नाव होतं. सर म्हणाले, “तुझंही करिअर आहे. समजून घे.” आवाज प्रेमळ होता. मला त्या प्रेमाचाच जास्त संशय आला. यावेळी संशय चुकला नाही.

सोमवारी मी हातानं अर्ज लिहिला. “या पेपरमधून माझं नाव काढावं. माझी मोजणी या निष्कर्षाच्या विरुद्ध आहे. माझ्या स्लाइड दोन वेळा नावं झाकून मोजल्या गेल्या. दुसऱ्या कुणाच्याही स्लाइड एकदाही झाकल्या नाहीत. त्या झाकून मोजेपर्यंत माझं नाव कुठल्याही कागदावर वापरू नये.” दोन प्रती काढल्या. एक सरांच्या टेबलावर ठेवली, दुसरीवर पोच मागितली.

“याचा परिणाम कळतो ना तुला? फेलोशिपच्या मुदतवाढीवर माझी सही लागते.”

“कळतो. पोच द्या.”

त्यांनी दिली नाही. मी उभी राहिले. अकरा वाजता उभी राहिले, दुपारचा तास झाला, लोडशेडिंगमध्ये वीज गेली, आली, मी उभीच. शंकरमामा येऊन शिक्का आणि शाईची डबी टेबलावर ठेवून गेले. त्या माणसावर मी घेतलेला संशयही माझ्या खात्यावर आहे. साडेतीनला शिक्का बसला.

मुदतवाढ मिळाली नाही. पीएच.डी. तिथंच राहिली. पेपर छापून आला, मंदार परदेशी गेला. ते प्रथिन खरोखर कुठं राहतं, हे त्या कॉलेजात कुणी पुन्हा बघितलं नाही. माझ्या स्लाइड आज काचेचे नुसते तुकडे आहेत, दिव्याखाली धरल्या तर काळ्या दिसतात. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात लागले. तिथून एका छोट्या कॉलेजात शिकवायला. न्याय मिळाला का? नाही. मिळेल असंही मला वाटत नाही.

पण माझ्या प्रयोगशाळेत कुणाचंही नाव उघडं ठेवून स्लाइड मोजली जात नाही. संस्थाचालकांची मुलगी असो की ऊसतोड कामगाराचा मुलगा, पट्टी सगळ्यांना. माझ्या स्लाइडला सगळ्यांत आधी. प्राचार्यांनी एकदा एका मुलीचीच बॅग तपासायला सांगितली. तिचं आडनाव मी इथं लिहीत नाही, तुम्हाला कळलंच असेल. मी माझी पर्स त्यांच्या टेबलावर उपडी केली आणि म्हटलं, आता तुमची बॅग. त्यांनी विषय बदलला.

संशय घ्यायला माझी हरकत नाही. मी स्वतः संशयी बाई आहे आणि मरेपर्यंत राहीन. घ्या संशय. पण खाली कागद अंथरा, आणि वैनीपासून सुरुवात करा. एकटीचा पदर आता झाडला जाणार नाही. माझा नाही, माझ्यासमोर दुसऱ्या कुणाचाही नाही.